शेवटच्या रांगेतला हात

आमच्या घरात बारीक आवाजात बोलायची सोय नाही. माझे मालक महादेवप्पा यांना उजव्या कानाने काहीच ऐकू येत नाही आणि डाव्याने निम्मंच. तीस वर्षं कर्ण्याशेजारी उभं राहिल्याचं हे बक्षीस. 'पंचफुला साऊंड सर्व्हिस' हे नाव नांदेडातल्या जुन्या लोकांना अजून आठवतं. पंचफुला म्हणजे मीच. देवणीहून लग्न करून आले तेव्हा मालकांकडे दोन कर्णे, एक अँप्लिफायर आणि एक सायकल होती. लग्न म्हणू नका, बारसं म्हणू नका, सप्ताह म्हणू नका, सगळीकडे आमचाच आवाज. मग डीजे आले. आम्ही कर्णे गच्चीवर टाकले आणि माईक ट्रंकेत.

मालकांना कानाचं मशीन आणलं होतं. "कानात किडा वळवळल्यावानी होतंय," म्हणून आठवड्याच्या आत ते कपाटात गेलं. त्याला आता नऊ वर्षं झाली. तेव्हापासून मी ओरडते. चहा झाला, ओरडा. गॅस संपला, ओरडा. शेजाऱ्यांना वाटतं आमच्यात रोज भांडणं होतात, आणि खरं सांगायचं तर ओरडता ओरडता माणूस रागावतोच.

या घरात माझी भाची शिवांगी राहते. माझ्या भावाची मुलगी. विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात तिसऱ्या वर्षाला आहे. तिचा आवाज आमच्या माहेरचा, खणखणीत. लहानपणी देवणीच्या शेतातून हाक मारली की वेशीवरची माणसं वळून बघायची. कॉम्प्युटरवर गेम खेळायचं तिला वेड आहे, पण ती खेळते कमी आणि सांगते जास्त. पाच-पाच जणांच्या दोन टोळ्या पडद्यावर लढतात, ते बघायला आणखी हजार पोरं आपापल्या घरी बसतात आणि त्या पोरांना काय चाललंय ते सांगायला एक माणूस लागतो, हे मला तिच्याकडूनच कळलं. क्रिकेटची कॉमेंट्री असते तसंच.

पुण्याची कुठली तरी कंपनी मराठवाड्यातल्या कॉलेजांची अशी एक स्पर्धा भरवणार होती आणि त्यांना मराठीतून बोलणारं माणूस हवं होतं. शिवांगीने अर्ज केला. परीक्षा घरबसल्याच. ते तिकडून सामना लावणार, हिने इकडून बोलायचं, त्यांनी ऐकायचं. रविवारी ती अर्धा तास बोलली. शेवटी तिकडचा माणूस म्हणाला, "आवाजात दम आहे तुमच्या. पण मागे पिठाची गिरणी चालू आहे का? निम्मं ऐकूच येत नाहीये."

गिरणी कसली, आमचा लोखंडी कूलर होता तो. त्यांनी पुढच्या रविवारी दुपारी तीनला आणखी एक संधी दिली. आणि ही शेवटची, असंही सांगितलं.

पोरगी स्वयंपाकघरात येऊन ओट्याला टेकून उभी राहिली.

"आत्या, बाकी कशात मी लई हुशार न्हाई. पास होते, तेवढंच. पण ह्यात मी चांगली हाय. मला ठाव हाय मी चांगली हाय. अन् त्यांना ऐकूच यीना, तर काय करू?"

ऐकूच येईना म्हणजे काय, हे मला कुणी सांगायला नको होतं. मी म्हटलं, "कूलर बंद कर की मग."

तेही करून बघितलं. मे महिना, त्रेचाळीसचा पारा. तिचा कॉम्प्युटर कुणाचा तरी वापरून झालेला, जुना. वीस मिनिटांत तापला आणि आपला आपण बंद पडला. मालकही तापले होते, पण त्यांना बटण नव्हतं. म्हणजे कूलर लावला तर आवाज जातो आणि नाही लावला तर कॉम्प्युटर जातो. एवढ्यावर पोरीचा रविवार अडला होता.

शुक्रवारी आम्ही तिघं वजिराबादेत कॉम्प्युटरच्या दुकानात गेलो. शिकवण्या घेऊन साठवलेले अडीच हजार शिवांगीच्या पर्समध्ये होते आणि हेडफोन आणि माईक दोन्ही त्यातच बसवायचे होते. तिच्या जुन्या हेडफोनची एक बाजू मेली होती. दुकानदार सत्यम हा पंचविशीतला तरतरीत मुलगा. त्याने काचेवर आधी एक भलं मोठं हेडफोन ठेवलं.

"हे घ्या मावशी. सात रंग बदलतं."

"रंग ऐकू येतात का?"

"तसं न्हाई, पण ह्याच्यात सात दिशांनी आवाज येतो."

"सात दिशा काय करायच्या बाबा? कान दोनच. अन् आमच्या मालकाला तर अर्धाच."

सत्यम हसला, पण मग त्याने रंगांचं सोडून कामाचं बोलायला सुरुवात केली. मीही पदर खोचला. मला कॉम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नाही, पण कानाचं आणि वायरचं कळतं. कानावरची गादी रेग्झिनची असेल तर आपल्याकडच्या उन्हाळ्यात घामाने चिकटते आणि वर्षाच्या आत तिचे पापुद्रे निघतात, म्हणून कापडी गादीचं घ्यायचं. बिनवायरचं घ्यायचं नाही, ते ऐन वेळी चार्जिंग मागतं आणि त्यात शब्द थोडा मागून येतो. वायर मरते ती नेहमी पिनेच्या मुळाशी, म्हणून तिथे अंगठ्याने वाकवून बघायचं. असं करत करत एक काळं, साधं, हलकं हेडफोन आम्ही बाजूला काढलं. शिवांगीचं लक्ष रंगवाल्या हेडफोनकडे जात होतं.

माईकच्या वेळी मात्र ती अडून बसली. उंच दांडीचा, खाली निळा उजेड पडणारा एक माईक होता.

"आत्या, सगळ्या मोठमोठ्या पोरांकडं असाच असतो."

सत्यम दोन हात लांबून त्यात बोलला, तर आवाज अगदी रेडिओसारखा आला. मी म्हटलं, "तुझ्या दुकानात एसी हाय बाबा. तो टेबलफॅन घे, त्याच्या मागं ठेव अन् फुल्ल कर."

मग मी आमच्या धंद्यातली जुनी रीत लावली. मांडवात माईक लावला की मी माईकपाशी उभी राहायची आणि मालक चालत चालत शेवटच्या रांगेच्याही मागे जायचे. मी हळू बोलायची. शब्द नीट कळला की ते हात वर करायचे. हात वर झाल्याशिवाय आम्ही भटजींच्या हातात कधी माईक दिला नाही. पुढच्या रांगेतल्याला काहीही ऐकू येतं, शेवटच्या माणसाला आलं पाहिजे, हे त्यांचं म्हणणं.

तर मालकांना ते नवं हेडफोन घालून, सत्यमकडची लांब वायर जोडून दुकानाच्या पार टोकाला, खोक्यांच्या मागे उभं केलं. शिवांगी बोलली. मालक ढिम्म.

"वारं येऊन राहिलंय नुसतं," ते तिथून ओरडले.

उजेडवाला माईक चारही बाजूंचं ऐकत होता. बोलणाऱ्याचं, फॅनचं, रस्त्यावरच्या रिक्षाचंही. मग सत्यमने खालच्या फळीवरून धूळ पुसत एक आखूड, काळा माईक काढला. "ह्याला तोंड लावून बोलावं लागतं मावशी, म्हणून पोरं घेत न्हाईत," तो म्हणाला. शिवांगी त्याच्या तोंडाशी तोंड नेऊन बोलली, आणि खोक्यांच्या मागून मालकांचा हात वर आला. पैसे देऊन आम्ही बाहेर पडलो. मी येताना सगळ्यांना उसाचा रस पाजला.

आता मी जे केलं ते सांगायला मला लाज वाटते, पण सांगते.

आमच्या घरात नवी वस्तू आली की हळदीकुंकू लावल्याशिवाय वापरायची नाही. फ्रिजला लावलंय, मिक्सरला लावलंय, जावयाच्या बुलेटला लावलंय. खंडेनवमीला तर आमचे सगळे माईक, कर्णे, पेटी ओळीने मांडून पूजा व्हायची. शनिवारी सकाळी शिवांगी कॉलेजात गेली होती. मी पाट मांडला, त्यावर हेडफोन आणि माईक ठेवला, नारळ फोडला, त्याचं पाणी शिंपडलं. पोरीचं काम होऊ दे म्हणून जरा जास्तच शिंपडलं. आणि हळदकुंकू कालवून माईकच्या जाळीवर पाच बोटं ओढली. कपाळ त्याचं तेच, दुसरीकडे कुठे लावणार?

दुपारी तिने माईक लावला. आधी रांजणात तोंड घालून बोलल्यासारखा आवाज आला. मग खरखर. मग काहीच नाही. तिने माईक हातात घेतला, लाल-पिवळी जाळी बघितली आणि नाकाशी नेली.

"आत्या, ह्याला नारळाचं पाणी घातलंस का?"

"घातलं न्हाई गं. दाखवलं."

सत्यमला फोन केला. "पाणी गेलेला माल कंपनी घेत न्हाई मावशी. अन् ह्याचा दुसरा पीस बुधवारी येईल," तो म्हणाला.

शिवांगी ओरडली असती तर मी उलट ओरडले असते, तेवढा सराव आहे मला. ती फक्त खुर्चीत बसून राहिली आणि माईकची वायर बोटाला गुंडाळत राहिली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिच्या आवाजासाठी जीव टाकला आणि तो मीच बुडवला.

मालकांना काय झालं ते ऐकू आलं नव्हतं, पण दिसलं होतं. ते उठले, आतल्या खोलीत गेले आणि ट्रंक ओढत बाहेर घेऊन आले.

त्यात आमचा जुना माईक होता. स्टीलच्या जाळीचा, मुठीत धरायचा, जड. सोबत चार चॅनलचा छोटा मिक्सर होता. शिवांगीच्या डोळ्यांत थोडं पाणी होतं, तशातच ती हसली. "मामा, हा तर मांडवातला," ती म्हणाली. पण हात चालू झाले तिचे. माईक मिक्सरला, मिक्सर कॉम्प्युटरला, एक वायर इकडून तिकडून. मिक्सरला लांब वायर लावून मालकांच्या डोक्यावर तिने आपलं जुनं हेडफोन चढवलं, एक बाजू मेलेलं. चालती बाजू डावी होती आणि मालकांचा चालता कानही डावाच. ते दाराच्या उंबऱ्यावर जाऊन बसले. खोलीतली शेवटची रांग ती.

ती बोलली. हात वर आला नाही.

"दबतंय," मालक म्हणाले. "घोंगड्यातून बोलल्यावानी."

"जुना झालाय आत्या," शिवांगी म्हणाली. "जाऊ दे."

मला ते पटेना. हा माईक सहजासहजी म्हातारा होणारा नव्हता, दोनदा विहिरीच्या काठावरून पडूनही बोलला होता. मी त्याची जाळी फिरवून काढली. आतला फोम कडक झाला होता आणि त्यावर हळदीचा, कुंकवाचा, बुक्क्याचा थर होता. चमच्याने खरवडावा लागेल एवढा. वीस खंडेनवम्या त्या जाळीत बसल्या होत्या.

धंद्याच्या शेवटच्या चार-पाच वर्षांत गिऱ्हाइकं म्हणायची, "पंचफुलाबाई, तुमचा आवाज दबतो हो." आम्ही अँप्लिफायर बदलला, वायरी बदलल्या, वीज मंडळाला शिव्या घातल्या, डीजेवाल्यांना तर रोजच. आणि मी दर दसऱ्याला मोठ्या भक्तिभावाने माईकच्या तोंडात बोळा कोंबत होते. मला आधी हसू आलं. मी खाली बसून पोट धरून हसले. मग मालकांकडे बघितलं आणि हसू थांबलं.

"काय झालं?" त्यांनी विचारलं.

"कुंकू!" मी ओरडले. "माईकमदी कुंकू! मीच लावलेलं!"

त्यांनी जाळी हातात घेऊन उन्हाकडे धरून बघितली. म्हणाले, "देवाला बी कळलं नसंल मग आपण काय मागून राहिलोत ते." आणि तेही हसायला लागले.

शिवांगीने टूथब्रश आणला. जाळी मी साबणाने घासली, तीनदा पाणी लाल निघालं, चौथ्यांदा स्वच्छ. गच्चीवर ठेवली तर दहा मिनिटांत खडखडीत वाळली, नांदेडचं ऊन कधी नव्हे ते कामाला आलं. आतला फोम फेकला आणि नव्या हेडफोनच्या खोक्यातला मऊ तुकडा कातरून बसवला. मग मी तिला बसायचं कसं ते शिकवलं.

"माईकपासून दोन बोटं. जास्त न्हाई. अन् माईकची पाठ कूलरकडं कर. ह्यो माईक म्हंजे तुझे मामा. पाठीमागून कितीबी बोल, त्याला ऐकू येत न्हाई."

कूलर फुल्ल होता. शिवांगी दोन बोटांवर तोंड नेऊन म्हणाली, "मामा, उद्या तीन वाजता."

उंबऱ्यावरून हात वर आला.

रविवारी कूलर भरून घेतला, दाराची बेल काढून ठेवली आणि मी कुकर लावला नाही. हळदीकुंकवाची कोयरी स्वतःच उचलून वरच्या फळीवर ठेवली. तीन वाजता शिवांगी कापडी गादीचं हेडफोन घालून बसली. मालक उंबऱ्यावर, तेच जुनं हेडफोन घालून डाव्या कानाने ऐकत, उजवा हात वर. मी मधे भिंतीला टेकून. मला तिचा चेहरा दिसत होता आणि त्यांचा हात. तिची पाठ त्यांच्याकडे होती.

सामना सुरू झाला. उदगीरची पोरं आणि लातूरची पोरं. सुरुवातीला ती छान बोलली. मग तिकडच्या माणसाने मधेच काहीतरी विचारलं असावं, ती दचकली, खुर्चीत मागे सरली आणि तिचा आवाज बारीक झाला. मला काही कळलं नाही, मला तर ती समोरूनच ऐकू येत होती. पण उंबऱ्यावरचा हात खाली येऊ लागला. आधी खांद्याला, मग गुडघ्यावर.

मी पटकन उठले, तिच्या पाठीवर तळवा ठेवला आणि तिला पुढे रेटलं. दोन बोटं. तिने मान वळवून मामांचा गुडघ्यावर आलेला हात बघितला. तिला कळलं. एक श्वास घेतला आणि मग जी सुटली! "उदगीरचा गडी एकटा उरलाय, समोर लातूरचे तिघं, अन् हा पळून जाईना! बघा, बघा, वळला!" देवणीच्या शेतातली हाक होती ती. मला त्या खेळातलं काही कळत नव्हतं, पण त्या एकट्या गड्यासाठी मी पदर मुठीत धरला. मालकांचा हात केव्हा वर गेला ते मी बघितलंच नाही. बघितला तेव्हा तो ताठ होता आणि शेवटपर्यंत ताठ राहिला.

चाळीस मिनिटांनी तिने हेडफोनची पिन काढली आणि तिकडच्या माणसाचा आवाज खोलीत आला, "गिरणी बंद केली वाटतं." शिवांगी म्हणाली, "न्हाई सर, चालूच हाय." तो हसला. मग त्याने विचारलं, पहिला सामना पुढच्या शनिवारी आहे, जमेल का.

पोरीने आधी मला मिठी मारली, मग मामांना, मग पुन्हा मला. देवणीला बापाला सांगायचं म्हणून फोन घेऊन ती गच्चीवर पळाली, भर उन्हात, चप्पल न घालता. वरून तिचा आवाज येत होता. त्याला माईकची गरज नव्हती.

खोलीत आम्ही दोघंच उरलो. मी मिक्सर बंद करायला तिच्या खुर्चीत बसले. मालक अजून उंबऱ्यावरच होते, रस्त्याकडे तोंड करून, हेडफोन तसंच डोक्यावर. मी माईकवरून बटणाकडे वाकले आणि आपल्याशीच बोलल्यासारखं म्हटलं, "दमला असाल. चहा ठेवू का?"

त्यांचा हात वर आला.

मी तशीच बसले. मी ओरडले नव्हते. कूलर फुल्ल चालू होता, त्यांची माझ्याकडे पाठ होती, आणि मी ओरडले नव्हते. नऊ वर्षांत घरातल्या घरात हळू बोललेली माझी ही पहिली गोष्ट त्यांच्यापर्यंत पोचली होती.

ते वळले नाहीत. म्हणाले, "तुझा आवाज असा हाय, विसरूनच गेलतो मी. बोल अजून."

नऊ वर्षांचं बोलायचं साठलं होतं. हळू आवाजात बोलायच्या कितीतरी गोष्टी होत्या, त्यातली एक आठवेना. डोळे भरून आले. शेवटी मी माईकपासून दोन बोटांवर तोंड नेलं आणि तीस वर्षं प्रत्येक मांडवात जे म्हटलं तेच म्हटलं.

"हॅलो, माईक टेस्टिंग. एक, दोन, तीन."

उंबऱ्यावर बसून मालकांनी हात वरच ठेवला.